फौजदाराची खुर्ची

माझ्या भाचीला घरात कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे तिला फौजदार म्हणतात आणि ते नाव मीच ठेवलंय. चार वर्षांची होती तेव्हा बरणीतली बिस्किटं कोणी संपवली याचा तिने तपास लावला होता. एकेकाला समोर उभं करून विचारलं आणि शेवटी माझ्या पदरावरचा चुरा दाखवून मला कबूल करायला लावलं. तेव्हा ती घरभर धावत होती. पुढे पाय गेले, मग पाठीतला जोर गेला. आजाराचं नाव लांबलचक आहे, मला ते तोंडाने घ्यायचं नाही. अंगातले स्नायू झिजत जातात आणि झिजायचे थांबत नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला एकदाच सांगितलं आणि आम्हीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. फौजदाराचे तपास मात्र चालूच राहिले, फक्त आता पलंगावरून.

घरात आम्ही चौघं. दादा बेकरीत कामाला आहे. पहाटे जातो आणि सकाळी नऊच्या सुमाराला पिठाने माखून परत येतो. वहिनी आणि मी पुढच्या खोलीत शिवणकाम करतो. मापं घेणं, बेतणं, कापणं तिचं. काजं, बटणं, हातशिलाई माझी. लहान मुलांच्या कपड्यांसाठी वहिनीचं नाव आहे, कारण तिने शिवलेला कपडा दोन-दोन वर्षं पुरतो. शिलाईच्या आत ती चांगलं दोन बोटं कापड जादा सोडते. शिवणकामात त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की शिलाई उसवायची, कपडा सैल करायचा, पुन्हा अंगावर चढवायचा. आया खूश, मुलं कंटाळलेली.

मी सांगतेय ते घडलं तेव्हा फौजदार तेरा वर्षांची होती. दादा तिला उचलून बाथरूममध्ये स्टुलावर बसवायचा आणि बाहेर जायचा. मग मी मागून तिच्या काखेत हात घालून तिला धरायची आणि वहिनी पाणी घालायची. भिजायचो तिघी. लहान होती तोवर याचं हसू यायचं. मग तिची पाळी सुरू झाली आणि ते हसू बंद झालं. ती डोळे मिटून बसायला लागली. एकदा तशीच डोळे मिटून म्हणाली, "मला दार लावून बसायचंय."

"लावते की," म्हणत मी पायाने दार ढकललं.

"तसं नाही. तू बाहेर असताना."

मला राग आला. मला तो लवकर येतो, सगळ्यांना ठाऊक आहे. इतकी वर्षं तुझं हागणंमुतणं काढलं, आता कसली लाज, असं अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात मला माझंच तेरावं वर्ष आठवलं. मी आंघोळीला बसलेली असताना आईने चुकून दार उघडलं म्हणून दोन दिवस मी तिच्याशी बोलले नव्हते. मी शब्द गिळला आणि टॉवेल पुढे केला.

आठवड्यातून एकदा व्यायाम करून घ्यायला एक बाई येतात. त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, बसू शकेल की, हात अजून चालतात तिचे. पाठीला टेकण, दोन्ही बाजूंनी आधार आणि छातीशी पट्टा अशी आंघोळीची खुर्ची करून घ्या. पाण्याचा फवारा हातात दिला तर दहा मिनिटं खुशाल दार लावून सोडा. "फक्त खुर्ची अंगाला बरोब्बर बसायला हवी. दोन बोटं जरी जागा सुटली तरी ती कलंडेल. माप नीट घ्या." आणि मग स्वतःच हसल्या, "मापाचं मी तुम्हाला काय सांगणार म्हणा."

वहिनीने टेप घेऊन माप काढलं आणि चिठ्ठीवर लिहिलं. बसल्यावरची रुंदी तेरा इंच.

खुर्च्या बनवणारा मिस्त्री गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढ्या धक्क्यांनी फौजदाराची मान धरते, म्हणून तिला नेलं नाही. पण हुकूम मिळाले होते. "दार लावता आलं पाहिजे, हे पहिलं. कुरकुर करणारी चाकं नकोत. रंग कुठलाही चालेल, गुलाबी सोडून. आजारी मुलगी म्हटली की लोक गुलाबीच देतात."

मिस्त्री साठीचा, चष्म्याला दोरी बांधलेला, बोलका माणूस. त्याने तीन खुर्च्या मांडल्या. वहिनी नुसती बघत उभी राहिली, म्हणून चपला काढून मीच तिन्हींवर बसून पाहिलं. पहिली चाकांची, खाली भोक असलेली, सरळ संडासाच्या भांड्यावर नेता येणारी. ती मला फार आवडली. दादाच्या पाठीचा ताण वाचला असता. पण मिस्त्रीने विचारलं, "बाथरूमला उंबरा आहे का?" आहे, चांगला चार बोटं उंच. म्हणजे ती बाद. दुसरी भिंतीला ठोकायची आणि काम झालं की मिटवून ठेवायची. आमच्या बाथरूमची भिंत इतकी पोकळ आहे की आरशाचा खिळासुद्धा तिथे धड राहत नाही. तिसरी चार पायांची, खाली रबराचे बूट, पाठ उंच, दोन्ही बाजूंना आधाराच्या फळ्या आणि पट्टा. मी तिच्यावर बसले तर अडकलेच.

"बाई, ही लहान मुलांची आहे," मिस्त्री म्हणाला.

"मग काढा मला बाहेर," मी म्हटलं. त्या दिवशी वहिनी तेवढीच एकदा हसली.

मिस्त्रीने चिठ्ठी वाचली. "मुलीला आणलं असतं तर बरं झालं असतं. मी शक्यतो बसणाऱ्याला बघितल्याशिवाय फळ्या ठोकत नाही."

"माझी वहिनी वीस वर्षं मापं घेतेय," मी ठणकावून सांगितलं. "तिच्या मापात सुताचा फरक पडायचा नाही." वहिनी तेव्हा रबराच्या बुटांकडे बघत होती. मला वाटलं, ती त्यांची पकड बघतेय.

दहा दिवसांनी खुर्ची आली. निळी. फौजदाराने पलंगावरून तिची पाहणी केली आणि "ठीक आहे" एवढाच शेरा मारला, पण त्या रात्री ती माझ्याआधी झोपली नाही. सकाळी दादाने तिला खुर्चीत बसवलं आणि तो बाहेर गेला. वहिनीने पट्टा बांधला. मी पाणी कोमट करून फवारा तिच्या हातात दिला, साबण दोरीला बांधून फळीला अडकवला.

"आता बाहेर," ती म्हणाली.

मी दार ओढून घेतलं. कडी लावायची नाही एवढी एकच अट आम्ही तिला घातली होती. बाहेर आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे राहिलो. दादाने अंगावरचं पीठसुद्धा झटकलं नव्हतं. आतून पाण्याचा आवाज आला, मग साबण आपटल्याचा, मग पुन्हा पाण्याचा. वहिनीचा हात दोनदा दाराकडे गेला आणि दोन्ही वेळा मी तो धरला.

"फौजदारसाहेब, झालं का?"

"नाही अजून."

थोड्या वेळाने मी परत विचारलं. "थांब ना," ती म्हणाली. आवाज बारीक आला. मला वाटलं, पाण्यामुळे. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही. पाणी मात्र एकाच जागी पडत होतं. मी दार ढकललं.

ती डावीकडे पुरती कलंडली होती. पट्टा वर सरकून काखेत आणि गळ्याशी रुतला होता, गाल फळीला चेपला होता, एक हात अंगाखाली सापडला होता. फवारा जमिनीवर पडून नुसता वाहत होता. ओठ तिने दातांखाली घट्ट धरला होता. दादाने तिला उचललं आणि मी पट्टा सोडवला. गळ्याशी बोटभर जाडीचा लाल वळ उठला होता.

"ओरडली का नाहीस गं?" मी किंचाळलेच.

तिला आधी श्वास घ्यायला वेळ लागला. मग म्हणाली, "ओरडले असते तर तुम्ही आत आला असतात."

ते ऐकून मला काय करावं कळेना. रडू येत होतं, म्हणून मी भांडले. तिला कोरडं करून, कपडे घालून निजवलं आणि पुढच्या खोलीत येऊन मी वहिनीला धारेवर धरलं. त्या खुर्चीत ती आणि डावी फळी यांच्यामधून माझा हात आरपार गेला असता. "काल शिकायला लागलेली पोरगीसुद्धा दोन इंचांनी चुकत नाही! मिस्त्रीसमोर मी तुझ्या नावाने छाती फुगवून आले. लोकांच्या पोरांची मापं बरी बरोबर येतात तुझ्या हातून, आणि स्वतःच्या पोरीचं तेवढं चुकतं?" वहिनीने मशीनवर बसून पाय मारायला सुरुवात केली. सुईखाली कापडच नव्हतं.

मला तिची चूक तिच्या नाकासमोर धरायची होती. म्हणून मी मापांची वही काढली. प्रत्येक मुलाचं त्यात एक पान असतं. फौजदाराचं पान शेवटचं. वहिनीच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: जानेवारी, साडेबारा. जुलै, बारा. खाली पुन्हा जानेवारी, साडेअकरा. आणि त्याखाली ह्याच महिन्यातलं, चिठ्ठी लिहिली त्याच दिवशीचं माप. अकरा.

वहिनी चुकली नव्हती.

मी त्या पानाकडे बघत बसले आणि एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. दीड वर्षात फौजदाराचा एकही फ्रॉक तिच्या अंगावर कधी ढगळ झाला नव्हता. खांद्यावरून उतरत नव्हता, कमरेत लोंबत नव्हता. म्हणून आम्हाला ती होती तशीच दिसत होती. मी खुंटीवरचा फ्रॉक काढून उलटा केला. कडेच्या शिलाईच्या आत आणखी दोन जुन्या, उसवलेल्या शिलायांच्या खुणा होत्या. प्रत्येक वेळी आत, आणखी आत. दुपारी मी जरा लवंडले की ती हे काम उरकत असणार. वीस वर्षं जिने लोकांच्या मुलांचे कपडे सैल केले, तिने माझ्या नाकाखाली स्वतःच्या मुलीचे कपडे आवळत आणले होते. आणि दादा मला एकदा म्हणाला होता, "हल्ली उचलायला हलकी लागते गं." मी त्याला म्हटलं होतं, "पोती उचलून तुझ्यात जोर आलाय." ते वाक्य आठवून मला माझी लाज वाटली. मला त्या दिवशीच कळायला हवं होतं. खरं तर कळलं असणार. म्हणूनच तर मी थट्टा केली.

मी वही वहिनीच्या मांडीवर ठेवली. तिने मशीन थांबवलं.

"अकरा लिहायलाच घेतलं होतं," ती म्हणाली. "पेन टेकवलं कागदावर. मग मनात आलं, हे लाकूड आहे, अ‍ॅल्युमिनियम आहे. एकदा अकराची केली की अकराचीच. फ्रॉक आत घेतला तर कोणाला कळत नाही. ही खुर्ची रोज समोर दिसणार. आणि सगळ्यांच्या मुलांना मी वाढत्या अंगाचं शिवून देते. माझ्याच मुलीला का नको?" मग ती रडायला लागली. "तेरा लिहिलं तेव्हा एवढं बरं वाटलं गं. खरंच तेरा होईल असं वाटलं. ती पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

तिला जवळ घ्यावं की एक ठेवून द्यावी, मला समजेना. शेवटी शेजारी बसून राहिले. माझ्या हातात तो उलटा फ्रॉक तसाच होता.

"तिकडे काय कुजबुज चाललीय?" आतून आवाज आला. "दोघी इकडे या. टेप घेऊन या."

आम्ही गेलो. आरोपींसारख्या पलंगापाशी उभ्या राहिलो. फौजदाराच्या गळ्यावरचा वळ आता जांभळा पडला होता.

"आई, माझं खरं माप घे आणि आत्याला लिहायला सांग," ती म्हणाली. "मला माहितीये. फ्रॉकच्या आत शिलाईच्या तीन ओळी असतात. दिवसभर मी दुसरं काय बघते?"

"कधीपासून माहितीये?" वहिनीने विचारलं.

"पिवळ्या फ्रॉकपासून. तू एवढी दुपारची जागून करत होतीस, मग मी काही बोलले नाही."

पिवळा फ्रॉक म्हणजे दीड वर्षापूर्वीचा. आई मुलीपासून लपवत होती, मुलगी आईपासून लपवत होती, आणि मी मधे काजं करत बसले होते. मी तिला टेकू देऊन बसवलं. वहिनीने टेप लावली आणि आकडा मोठ्याने म्हटला. "अकरा." मी तो लिहिला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी ड्रिल घेऊन घरी आला. आम्हाला वाटलं, चार शब्द ऐकवेल. त्याने फौजदाराच्या गळ्याकडे पाहिलं आणि नुसतं म्हणाला, "मीच यायला हवं होतं आधी." तिला कपड्यांसकट खुर्चीत बसवून त्याने डावी फळी सोडवली, आत सरकवली, पेन्सिलने खूण केली. "हात वर कर. आता पुढे वाक. लागतंय कुठे?" ती म्हणाली, "नाही." दादाने खांद्याला जरा ढकलून पाहिलं. ती हलली नाही. स्वतःच्या पाठीने बसावं तशी ताठ बसली होती. तिला तशी बसलेली मी किती तरी वर्षांनी पाहिली.

मिस्त्रीने नव्या जागी भोक पाडलं, बोल्ट आवळला. मग ड्रिल हातात तसंच धरून वहिनीकडे वळला. "मुलांच्या खुर्चीला मी नेहमी दोन-तीन भोकं जादाची पाडून ठेवतो, अर्ध्या अर्ध्या इंचावर. म्हणजे मला पुन्हा बोलवायला नको, बोल्ट काढून फळी सरकवली की झालं. बाहेरच्या बाजूला पाडू ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मुलं वाढतात, म्हणून त्याने विचारलं. दादा खिडकीतून बाहेर बघायला लागला. वहिनीने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"आतल्या," ती म्हणाली.

मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "किती पाडू?"

मी मनातल्या मनात हिशोब करत होते. तुम्हीही केला असता. सहा महिन्यांना अर्धा इंच. वहिनीही तोच करत असणार, कारण तिचे ओठ हलत होते.

"तीन," ती म्हणाली. तीन म्हणजे दीड वर्ष. त्यापुढचं मागायची तिला भीती वाटली असावी.

"तीन कशाला?" फौजदार खुर्चीतून म्हणाली. मान वळवता येईल तेवढी वळवून तिने फळीकडे पाहिलं. "पाच पाडा हो काका. जागा आहे अजून."

मिस्त्रीने पाच पाडली. ड्रिल सुरू असताना कोणाला बोलावं लागलं नाही, ते एक बरं झालं. जमिनीवर निळा भुसा पडला, तो वहिनीने हाताने गोळा केला आणि कितीतरी वेळ मुठीत तसाच धरून ठेवला.

मग दादाने तिला खुर्चीसकट उंबऱ्याच्या आत नेलं. कपडे काढून झाल्यावर, पट्टा बांधून झाल्यावर, फवारा हातात देऊन झाल्यावर ती म्हणाली, "आता बाहेर." मी दार ओढून घेतलं. पाण्याचा आवाज आला. पंधरा मिनिटं झाली, मग वीस. या खेपेला मी विचारलं नाही आणि वहिनीने दाराकडे हात नेला नाही. शेवटी आतून हुकूम आला, "झालं. या." केस तिने स्वतः धुतले होते. अर्धा साबण डोक्यातच होता. मी तो तसाच राहू दिला.

याला आता दीड वर्ष झालं. दार रोज लागतं. फवारा तिच्या हातून अधूनमधून निसटतो, म्हणून त्याला मनगटाशी बांधायला वहिनीने एक पट्टी शिवून दिली आहे. फ्रॉक आता उघडपणे आत घेतले जातात, माझ्यासमोर, भर सकाळी, आणि फौजदार पडल्या पडल्या सूचना करते.

या जानेवारीत वहिनीने बोल्ट काढून तिसऱ्या भोकात बसवला. तिने मागितलेली तीन संपली. फौजदाराने मागून घेतलेली दोन अजून बाकी आहेत.